खिशात मावेल असं पिस्तूल निवडताना: आधी खिसा, मग हात, मग काडतूस

अमेरिकेतल्या बँकेतून निकेलच्या, म्हणजे 5 सेंटच्या, नाण्यांच्या दोन गुंडाळ्या आणा. एका गुंडाळीत 40 नाणी असतात आणि प्रत्येक नाणं बरोबर 5 ग्रॅमचं. दोन गुंडाळ्या मिळून 400 ग्रॅम झाले, खर्च 4 डॉलर. त्या शेजारीशेजारी ठेवून टेपने घट्ट बांधा आणि रोजच्या पॅन्टच्या पुढच्या उजव्या खिशात तीन दिवस ठेवा. ऑफिसात बसा, गाडी चालवा, जिने चढा, वाकून बुटाची नाडी बांधा. दहा राउंडचं, म्हणजे दहा काडतुसांचं, मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची डबी) असलेलं छोटं .380 काडतुसाचं पिस्तूल पूर्ण भरल्यावर जवळपास एवढंच जड होतं. नाण्याचा व्यास 21.2 मिलिमीटर आहे, त्यामुळे या पुडक्याची जाडीसुद्धा रुगर एलसीपी या छोट्या पिस्तुलाच्या जाडीइतकीच भरते.

तिसऱ्या दिवशी खिसा लोंबत असेल, मांडीला काचत असेल किंवा तुम्ही ते पुडकं नकळत टेबलावर काढून ठेवायला लागला असाल, तर पिस्तुलाचंही तेच होणार आहे. दुकानातल्या काचेच्या कपाटासमोर उभं राहिल्यावर प्रत्येक पिस्तूल इवलंसं दिसतं. म्हणून निवड तिथे सुरू करू नका. खिशाला झेपेल आणि हाताला चालवता येईल, अशा पिस्तुलांतलं सगळ्यात मोठं घ्यायचं. सगळ्यात लहान घ्यायचं नाही. पिस्तूल जसजसं लहान होतं तसतसं बाळगणं सोपं होतं, पण नेम लावणं, झटका सांभाळणं आणि अडकलेलं काडतूस काढणं अवघड होत जातं. या ओढाताणीत तुमची जागा कुठे आहे, ते ओळखण्यासाठी पुढचा सगळा खटाटोप.

आधी कायदा

इथली माहिती अमेरिकेतल्या परिस्थितीला धरून आहे. तिथे राहणाऱ्या मराठी माणसांसाठी पहिला प्रश्न पिस्तुलाचा नसून व्हिसाचा आहे. एच-1बी, एल-1, एफ-1 यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या आधारावर रोज खिशात पिस्तूल ठेवण्याचा विचार वकिलाशी बोलल्याशिवाय करू नका. मित्राबरोबर रेंजवर गेल्यावर भाड्याचं पिस्तूल हातात घेणं हेसुद्धा कायद्याच्या नजरेत बाळगणंच असतं. यात चूक झाली तर शिक्षा होतेच, शिवाय देशाबाहेर पाठवलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डधारकांना संघराज्याचा कायदा आडवा येत नाही, मात्र राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. परवानाधारक विक्रेता 21 वर्षांखालच्या माणसाला पिस्तूल विकत नाही.

23 जून 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात निकाल दिल्यापासून ‘तुम्हाला खास गरज काय, ते सिद्ध करा’ अशी अट घालून राज्याला परवाना नाकारता येत नाही. पण प्रशिक्षणाचे तास, शुल्क, बंदी असलेल्या जागा हे सगळं राज्याराज्यात वेगळं आहे. एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालतोच असं नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांत मॅगझिनमध्ये 10 पेक्षा जास्त राउंड चालत नाहीत; त्यामुळे 12 राउंडचं लांब मॅगझिन डब्यात आलं तरी तिथे ते बेकायदा ठरतं. कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स यांची मान्य पिस्तुलांची यादी आहे आणि नवी मॉडेलं त्यात नसणं नेहमीचंच. म्हणून मॉडेल मनात भरण्याआधी ते तुमच्या राज्यात विकलं जातं का, एवढं विक्रेत्याला विचारून घ्या.

खिसा मोजा

रोज घालता त्या तीन पॅन्ट काढा आणि टेप घ्या. तीन मापं लागतात: खिशाच्या तोंडाची रुंदी, खिशाची खोली आणि तळाची रुंदी. आता हाताचा पंजा खिशात घाला, आत सैल मूठ वळा आणि बाहेर काढा. मूठ तोंडाशी अडली, तर त्या पॅन्टमधून कुठलंच पिस्तूल वेळेवर बाहेर येणार नाही. घट्ट जीन्सचा आडवा कापलेला खिसा इथेच बाद होतो. तिरक्या तोंडाचे खोल खिसे असलेली चिनो किंवा कार्गो पॅन्ट सहसा पास होते.

मग जाड पुठ्ठ्याचे दोन आयत कापा. एक 131 बाय 91 मिलिमीटरचा. ही एलसीपीची लांबी आणि उंची. दुसरा 147 बाय 109 मिलिमीटरचा; ही सिग पी365 या जरा मोठ्या पिस्तुलाची. पुठ्ठ्याचे थर चिकटवून पहिल्याची जाडी 21 आणि दुसऱ्याची 25 मिलिमीटर करा. प्रत्येक आयत खिशात टाकून खाली बसा, उठा, आरशात बाजूने पाहा. कागदावर 16 आणि 18 मिलिमीटर म्हणजे काहीच वाटत नाहीत. खिशात मात्र तेवढ्याच फरकाने वरची कड तोंडातून डोकावते किंवा झाकली जाते. होल्स्टरमुळे (पिस्तुलाच्या म्यानामुळे) जाडी आणखी थोडी वाढेल, तीही धरून चला.

हा खिसा यापुढे फक्त पिस्तुलाचा. किल्ल्या, सुट्टे पैसे, पेन, लिप बाम यातलं काहीही त्यात जाता कामा नये. ट्रिगरच्या कडीत शिरलेली किल्ली म्हणजे आपोआप सुटणारी गोळी. मोबाइल उजव्या खिशात टाकायची सवय असेल, तर ती आधी मोडा. एवढं जमत नसेल तर खिशाचा मार्ग सोडून कमरेच्या होल्स्टरचा विचार करा.

काडतूस: कशात काय मिळतं

खिशातल्या पिस्तुलांत मुख्यतः चार काडतुसं दिसतात. .32 एसीपी हे 1899 चं आणि .380 एसीपी 1908 चं, दोन्ही जॉन ब्राउनिंग यांची. 9 मिलिमीटर हे जॉर्ज लुगर यांचं, आता जगातलं सगळ्यात सर्रास वापरलं जाणारं पिस्तुलाचं काडतूस. चौथं .38 स्पेशल, छोट्या रिव्हॉल्व्हरांचं.

तुलना करायला एक मापदंड हाताशी आहे. 1986 मधल्या मायामीच्या चकमकीनंतर एफबीआयने गोळ्यांची चाचणी नव्याने बांधली. 10 टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात, त्यावर जाड कपड्यांचे थर ठेवूनसुद्धा, गोळी 30 ते 46 सेंटिमीटर आत जायला हवी. 9 मिलिमीटरच्या चांगल्या गोळ्या आखूड नळीतूनही या पट्ट्यात बसतात आणि आत गेल्यावर टोक पसरून फुलतातही. .380 ची अडचण अशी की पावणेतीन इंची नळीतून 90 ग्रेनची (सुमारे 6 ग्रॅमची) गोळी साधारण सेकंदाला 260 ते 290 मीटर वेगाने निघते आणि त्या वेगात दोन्ही कामं पुरी पडत नाहीत. पोकळ टोकाची गोळी पूर्ण फुलली तर बऱ्याचदा 30 सेंटिमीटरच्या आत थांबते. टोकात कापड भरून ती फुललीच नाही, तर सरळ आरपार जाते. म्हणून .380 मध्ये बेताने फुलणारी गोळी घ्या. हॉर्नडीची एक्सटीपी गोळी असलेली काडतुसं त्यासाठी नावाजलेली आहेत. खूप वेगवान आणि खूप हलकी गोळी म्हणून जे विकलं जातं, ते टाळा.

.32 ची एक खोड माहीत हवी. या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. पोकळ टोकाची काडतुसं लांबीला थोडी आखूड असल्याने मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकतात. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन बसली की दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढूनही ते सुटत नाही. मॅगझिन काढून बारीक काडीने सोडवावं लागतं. .32 घेतलंच तर पूर्ण लांबीची, भरीव टोकाची काडतुसं वापरा.

सरावाचा हिशोबही इथेच करा. .380 ची काडतुसं 9 मिलिमीटरपेक्षा महाग पडतात. जो सराव खिशाला परवडत नाही तो होत नाही.

पिस्तुलं, एकामागून एक

या प्रकाराचं आजचं रूप केल-टेकच्या पी-3एटीने 2003 मध्ये ठरवलं. प्लास्टिकची चौकट, .380 आणि रिकामं वजन पाव किलोच्याही आत. 2008 मध्ये रुगरने एलसीपी आणलं आणि खिशातलं पिस्तूल म्हणजे एलसीपी असं समीकरणच होऊन बसलं. वजन 272 ग्रॅम, मॅगझिनमध्ये 6 आणि चेंबरमध्ये (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं तिथे) 1. खिशाच्या दृष्टीने आजही याला तोड नाही: पातळ, कडा गुळगुळीत, अडकायला काही नाही. पण साइट (नेम धरायची खूण) म्हणजे स्लाइडवरचा जेमतेम उंचवटा. ट्रिगर लांब, आणि गोळी सुटल्यावर तो पुढे पूर्ण सोडावा लागतो. घाईत अर्धाच सोडला तर पुढचं दाबणं फुकट जातं. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहत नाही, त्यामुळे रिकामं झालंय हे ‘टक’ आवाजानेच कळतं. काडतूस दगा देऊन उडालं नाही, तर नुसता ट्रिगर पुन्हा ओढून उपयोग नाही, स्लाइड ओढावीच लागते.

एलसीपी टू 2016 चं. ट्रिगर हलका आणि छोटा, साइट जराशी बरी, शेवटी स्लाइड उघडी राहते. पण राउंड तेवढेच.

एलसीपी मॅक्स 2021 चं, आणि इथे खरा फरक पडला. लांबी जवळपास तीच, रिकामं वजन 300 ग्रॅम, पण मॅगझिनमध्ये 10 राउंड. पुढच्या साइटमध्ये अंधारात चमकणारा ट्रिटियमचा ठिपका आहे. त्याची किंमत मुठीत मोजावी लागते: तिथे जाडी 21 वरून 25 मिलिमीटरच्या आसपास जाते आणि उंची 105 मिलिमीटर होते. स्लाइड मात्र पातळच. पुठ्ठ्याचा लहान आयत ज्या खिशात अगदी बेताने बसला, त्यात मॅक्स बुडाशी उमटतो. ज्यांच्या खिशाला तेवढी जागा आहे त्यांनी जुनं एलसीपी घेण्याचं मला एकच कारण दिसतं, ते म्हणजे किंमत.

स्मिथ अँड वेसनच्या बॉडीगार्डची दोन रूपं आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. 2010 चं जुनं 340 ग्रॅमचं, 6+1, ट्रिगर लांबलचक आणि जड. काडतूस उडालं नाही तर त्यावर पुन्हा ट्रिगर ओढता येतो. 2024 चं बॉडीगार्ड 2.0 मुळातच वेगळं यंत्र आहे: स्ट्रायकरवर (आतल्या स्प्रिंगने सुटणाऱ्या सुईवर) चालतं, ट्रिगर सपाट तोंडाचा आणि छोटा, वजन सुमारे 280 ग्रॅम, मॅगझिन 10 आणि 12 राउंडचं. मुठीत ते मॅक्सपेक्षा किंचित पातळ आणि हातात जास्त स्थिर बसतं. अंगठ्याची सेफ्टी (गोळी सुटू न देणारी कळ) असलेलं आणि नसलेलं, अशी दोन्ही मिळतात. ट्रिगर हलका असलेल्या पिस्तुलात खिशासाठी मी सेफ्टीवालं सुचवेन, पण एका अटीवर: प्रत्येक सरावात अंगठ्याने ती खाली ढकलायची. एकदाही वगळायचं नाही.

ग्लॉक 42 हे 2014 चं .380. रिकाम्या मॅगझिनसह 390 ग्रॅम, लांबी 151 मिलिमीटर, राउंड फक्त 6+1. कागदावर ते मॅक्सपुढे फिकं पडतं. हातात घेतल्यावर मत बदलतं, कारण या यादीतलं सगळ्यात सौम्य झटक्याचं हेच. नवशिक्या माणसाला किंवा हात दुखरे असलेल्याला पन्नास राउंडनंतरही ते नकोसं होत नाही. सैल खिसा असेल तर नक्की पाहावं.

सिग पी238 हे 2009 चं, धातूच्या चौकटीचं, 430 ग्रॅमच्या आसपास. हॅमर (आघात करणारी छोटी हातोडी) मागे ओढलेला आणि सेफ्टी चढवलेली, अशा स्थितीत ते बाळगायचं असतं. ट्रिगर कुरकुरीत, स्लाइड ओढायला सोपी. पण सेफ्टीची सवय हाडीमाशी भिनलेली नसेल तर घेऊ नका.

सिग पी365 ने 2018 मध्ये सगळा बाजार हलवला: 9 मिलिमीटर, 10+1 आणि लांबी 147 मिलिमीटर. रिकाम्या मॅगझिनसह सुमारे 505 ग्रॅम, भरलं की 630 च्या वर. नाण्यांच्या तीन गुंडाळ्यांहून जड. मोठ्या खिशात ते जातं, पण खरं ते कमरेचं पिस्तूल. नाण्यांची परीक्षा तीन गुंडाळ्यांनी पास झाली, तर मात्र बाकीची यादी बाजूला ठेवून हेच घ्या.

रिव्हॉल्व्हरांना म्हातारं समजू नका. स्मिथ अँड वेसनच्या 642 मध्ये .38 स्पेशलची 5 काडतुसं बसतात, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आत, आणि हॅमर चौकटीत झाकलेला असल्याने कापडात अडकायला काही उरत नाही. रुगर एलसीआर त्याहून थोडं हलकं. मुठीचा गोल आकार खिशात हाताला चटकन सापडतो. अंगाला अंग भिडलेलं असताना अर्धस्वयंचलित पिस्तुलाची नळी समोरच्यावर दाबली गेली, तर स्लाइड मागे सरकून पिस्तूल उडतच नाही. रिव्हॉल्व्हरला हा धोका नाही. याउलट काडतुसं बसतात ते चक्र 33 मिलिमीटर जाड असतं, ट्रिगर पाच किलोंच्या आसपास जड आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. हलक्या चौकटीतून जास्त दाबाची काडतुसं उडवली तर तळहात चुरचुरतो. त्यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे 148 ग्रेनची सपाट तोंडाची वॉडकटर गोळी. झटका कमी, खोली पुरेशी.

वॉल्थर पीपीकेबद्दल लोक हमखास विचारतात. वजन अर्ध्या किलोच्या वर असूनही .380 मध्ये ते हाताला जास्त टोचतं. त्यात नळी आणि स्लाइड यांचं कुलूप नसतं. स्लाइडचं वजन आणि कडक स्प्रिंग एवढ्यावरच सगळा दाब थोपवला जातो, त्यामुळे झटका एकदम येतो आणि स्लाइड ओढायलाही जास्त जोर लागतो. छोट्या एलसीपीमध्ये नळी आणि स्लाइड क्षणभर जोडलेल्या राहतात. दिसायला राजबिंडं असलं तरी खिशासाठी पीपीके नको.

हातात घेऊन पाहताना

दुकानात आधी विक्रेत्याकडून पिस्तूल रिकामं असल्याचं पाहून घ्या, मग स्वतः पाहा: मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबरमध्ये डोळ्यांनी आणि करंगळीच्या टोकाने खात्री. त्यानंतर सलग दहा वेळा स्लाइड ओढा. छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग आखूड आणि कडक असते आणि पकडायला जागा कमी, त्यामुळे मोठं पिस्तूल सहज ओढणारा माणूसही इथे घसरतो. नुसत्या बोटांच्या चिमटीने ओढू नका. तळहात स्लाइडवर आडवा टाकून मागचा भाग घट्ट धरा आणि पिस्तुलाचा हात पुढे ढकला. नळीचं तोंड या वेळी सुरक्षित दिशेलाच हवं. तरीही दहाव्या वेळी बोटं घसरत असतील, तर दोन वाटा आहेत: बेरेटाचं टॉमकॅट, ज्याची नळीच वर उचलली जाते आणि काडतूस थेट चेंबरमध्ये टाकता येतं, किंवा रिव्हॉल्व्हर. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड दुबळ्या हातांसाठीच केलेलं आहे, पण ते खिशात मावत नाही.

ट्रिगर दाबताना बोटाचं टोक कुठे जातं ते बघा. मोठ्या हाताच्या माणसाचं बोट लहान पिस्तुलात फार आत शिरतं आणि दाबताना नळी एका बाजूला ढकलली जाते. बोटाचा मांसल भागच ट्रिगरवर टेकवा. करंगळीला जागा मिळत नसेल तर ती मुठीखाली दुमडून ठेवा. मॅगझिनच्या बुडाला पुढे आलेला तुकडा बसवला तर करंगळीलाही आधार मिळतो, पण खिशात नेमका तोच उमटतो. सरावाला तो आणि बाळगायला सपाट, असं दुहेरी केलं तर हाताची सवयच बिघडते. एकच ठरवा.

रेंजवरची परीक्षा

शक्य असेल तर विकत घेण्याआधी तेच मॉडेल भाड्याने घेऊन ही परीक्षा घ्या. अंतर यार्डांत दिलंय, कारण रेंजवर खुणा तशाच असतात.

1. 5 यार्डांवर 3 बाय 5 इंची कार्ड लावा. वेळेची घाई न करता 5 राउंड. पाचही कार्डात हवेत. इथे चुकत असेल तर दोष सहसा ट्रिगरवरच्या बोटाचा असतो.
2. त्याच अंतरावर 6 इंची कागदी बशी. पिस्तूल खाली रोखलेलं, मग उचलून 5 सेकंदांत 5 राउंड. चार बाहेर आणि एक आत असेल, तर हे पिस्तूल तुमच्यासाठी फार लहान आहे.
3. फक्त उजव्या हाताने 5, मग फक्त डाव्या हाताने 5. खिशातलं पिस्तूल एका हाताने वापरावं लागण्याची शक्यता बरीच असते.
4. सोबत्याला मॅगझिनमध्ये एकदोन डमी (दारू नसलेली) काडतुसं तुमच्या नकळत मिसळायला सांगा. डमीवर ट्रिगर दाबताना नळी खाली डुचकळली, तर तुम्ही झटका येण्याआधीच दचकताय. या आकारात हे जवळपास सगळ्यांचं होतं आणि घरी रिकाम्या पिस्तुलाच्या सरावानेच जातं.

विकत घेतल्यावर 200 राउंड उडवल्याशिवाय त्यावर विसंबू नका, आणि त्यातले किमान 50 राउंड रोज बाळगणार त्याच काडतुसांचे असू द्या. प्रत्येक मॅगझिनवर टेपने आकडा लिहा. अडचण आली की कुठल्या मॅगझिनने, कितव्या राउंडला, ते टिपून ठेवा. एकाच मॅगझिनने वारंवार अडत असेल तर मॅगझिन फेका, पिस्तुलाला दोष देऊ नका.

रिकामं टरफल स्लाइडमध्ये उभं अडकत असेल, तर आधी मनगट पाहा. हलक्या पिस्तुलात मनगट सैल राहिलं की सगळं पिस्तूलच मागे जातं, स्लाइडला पूर्ण प्रवास मिळत नाही आणि टरफल बाहेर पडायच्या आत ती बंद होते. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे आधाराच्या हाताचा अंगठा स्लाइडला घासणं. काडतुसाचं नाक चेंबरच्या तोंडाशी ठेचत असेल तर गोळीचा आकार बदलून पाहा. रुंद पोकळ टोकापेक्षा गोलसर टोक सहज शिरतं.

होल्स्टरशिवाय नाही

मोकळं पिस्तूल खिशात टाकणं हा यातला सगळ्यात मोठा गुन्हा. खिशाच्या होल्स्टरकडून तीन कामं हवीत: ट्रिगर पूर्ण झाकला जावा, पिस्तूल मूठ वर ठेवून उभं राहावं आणि पिस्तूल काढताना होल्स्टर खिशातच थांबावं. डीसँटिस निमेसिससारख्या होल्स्टरचं बाहेरचं कापड चिकटसर असतं, त्यामुळे ते अस्तराला धरून राहतं आणि आकारही मऊ दिसतो. कायडेक्स या कडक प्लास्टिकचं होल्स्टर ट्रिगरवर जास्त कडक कवच देतं, मात्र त्याला खिशात अडकणारा आकडा असायला हवा. मऊ होल्स्टर जुनं होऊन बाहेरून ट्रिगरची कडी बोटाला जाणवायला लागली, की त्याच दिवशी बदला.

परत ठेवताना पिस्तूल कधीही खिशातल्या होल्स्टरमध्ये खुपसू नका. होल्स्टर बाहेर काढा, नळी स्वतःपासून दूर धरून पिस्तूल त्यात बसवा, मग दोन्ही मिळून खिशात सरकवा. नेमक्या या क्षणी शर्टाचं टोक किंवा अस्तराची घडी ट्रिगरच्या कडीत जाते.

काढण्याचा सराव

पिस्तूल पूर्ण रिकामं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, समोर भक्कम भिंत. हात खिशात जाताना बोटं सरळ, सुरीच्या पात्यासारखी. आत गेल्यावर तीन बोटं मुठीभोवती, ट्रिगरचं बोट होल्स्टरच्या बाहेर सरळ, आणि अंगठा स्लाइडच्या मागच्या टोकावर टेकवलेला. अंगठा मुठीभोवती गुंडाळला तर मुठीची रुंदी वाढते आणि हात तोंडाशी अडतो. वर टेकवला तर तोच हात सहज निसटतो. पिस्तूल खिशाबाहेर आल्यावरच अंगठा खाली घ्या. रोज दहा वेळा, हळू. वेग आपोआप येतो.

उभं असताना हात आधीच खिशात ठेवता येतो आणि कुणाला काही वाटत नाही. कमरेच्या होल्स्टरला हे जमत नाही. पण बसल्यावर चित्र उलटतं. गाडीत सीटबेल्ट लावलेला असताना पुढच्या खिशातलं पिस्तूल काढणं जवळपास अशक्य. दिवसाचा मोठा भाग गाडीत जात असेल, तर खिसा ही तुमची जागा नाही. सरकारी इमारतीत किंवा शाळेत जाताना ते उतरवून गाडीत ठेवावं लागेल. त्यासाठी सीटच्या लोखंडाला केबलने बांधलेली कुलूपबंद पेटी आधीच बसवून घ्या. घरी आल्यावरही तेच: खिशातून थेट कुलूपबंद पेटीत. पॅन्ट खुंटीला आणि पिस्तूल खिशात, असं लहान मूल असलेल्या घरात एका रात्रीसाठीसुद्धा चालत नाही.

खिशातली धूळ आणि थकलेली काडतुसं

महिनाभराने पिस्तूल उघडून पाहिलं तर नळीच्या तोंडाशी आणि हॅमरच्या खाचेत अस्तराच्या धाग्यांचा राखाडी लगदा दिसेल. त्यात घाम मिसळतो आणि पातळ स्लाइडवर गंजाचे ठिपके उठतात. दर दोन आठवड्यांनी काडतुसं काढून कोरड्या ब्रशने झटका, रुळांवर तेलाचा एकेक थेंब, उरलेलं पुसून टाका. जास्त तेल धागे जास्त पकडतं. होल्स्टर उलटं करून झटकायला विसरू नका, कारण खरा साठा त्याच्या तळाशी असतो. आखूड स्प्रिंग मोठ्या पिस्तुलापेक्षा लवकर थकते. किती राउंडनंतर बदलायची ते कंपनीच्या पुस्तिकेतून पाहून पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा.

आणि रोज संध्याकाळी चेंबर रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा भरत असाल, तर ते काडतूस नव्याशेजारी उभं करून पाहा. प्रत्येक वेळी चेंबरच्या उतारावर आपटून गोळी टरफलात थोडी थोडी आत दबत जाते. आतली जागा कमी झाली की उडताना दाब बेसुमार वाढतो. उंचीत फरक डोळ्यांना दिसला, तर ते काडतूस पुन्हा चेंबरमध्ये घालू नका. रेंजवर उडवून संपवायलाही नको, निकामी काडतुसांच्या डब्यात टाका. त्याहून बरं म्हणजे भरलेलं पिस्तूल होल्स्टरसकट तसंच पेटीत ठेवणं. मग काडतूस रोज रोज आतबाहेर करायची वेळच येत नाही.